तेलाचा जोर आणि नांगराची रुंदी

(नभोवाणीवरील भाषण)



ट्रॅक्टरविषयीं बोलणें निघालें कीं ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो अश्वशक्तीचा. यंत्र किती घोड्यांचें, एवढें कळलें कीं त्याची सारी योग्यता कळली, असें आपण मानतों. ही समजूत शहरांत राहणाऱ्यांची आहे आणि पुष्कळ अंशीं खुद्द शेतकऱ्यांचीही आहे. परंतु ट्रॅक्टरच्या इतिहासांत असे प्रसंग वारंवार आले आहेत कीं, इंजिनांत जोर भरपूर असूनही मागें जोडलेलें मोठें अवजार नीट चाललें नाहीं. नांगर ओढला जाई, पण वेळेवर उचलला जात नसे. पेरणीयंत्र चाले, पण त्याचा पंखा मध्येंच मंदावे. तेल तापे आणि शेताच्या कडेला वळतांना काम अडून बसे. या अडचणींचें मूळ इंजिनांत नव्हतें. तें ट्रॅक्टरच्या पोटांत खेळणाऱ्या तेलांत होतें. ज्या व्यवस्थेला आपल्याकडील ट्रॅक्टरचालक ‘हायड्रॉलिक’ म्हणतात, तिचा हा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

या व्यवस्थेचें मूळ तत्त्व जुनेंच आहे. बंद भांड्यांत कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा सिद्धांत ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडला. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. पंपानें तेल ढकलावयाचें, तें नळीवाटे एका सिलिंडरांत न्यावयाचें आणि तेथील दट्ट्यानें वजन उचलावयाचें, इतकीच ही रचना. परंतु येथें दोन गोष्टी वेगळ्या ओळखावयास हव्यात. तेलाच्या दाबावरून किती वजन उचलतां येईल हें ठरतें. तेलाच्या प्रवाहावरून तें किती लौकर उचललें जाईल हें ठरतें. शहरांतील श्रोत्यांना हा भेद घरच्या नळावरून सहज समजेल. खालच्या मजल्यावर दोन नळ सुटले कीं वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. टाकी तीच, पाणी तेंच. पण वांटेकरी वाढले. ट्रॅक्टरच्या तेलाची पुढील सारी कथा या वांटेकऱ्यांचीच कथा आहे.

पहिल्या ट्रॅक्टरांत तेलाची ही व्यवस्था मुळींच नव्हती. १८९२ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत जॉन फ्रोलिक यानें पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा ट्रॅक्टर बनविला, आणि १९१७ पासून हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागले. परंतु अवजारें घोड्यांच्याच काळचीं राहिलीं होतीं. नांगराला स्वतःचीं चाकें असत, तो सांखळीनें किंवा दांड्यानें ट्रॅक्टरमागें जोडलेला असे, आणि तास संपला कीं चालक दोरी ओढून किंवा हातानें दांडा दाबून तो वर घेई. यांत श्रम होतेच. पण धोका त्याहून मोठा होता. नांगराचा फाळ जमिनींतील एखाद्या दगडांत अडकला म्हणजे मागचीं चाकें जागच्या जागीं थबकत, इंजिन मात्र फिरतच राही, आणि ट्रॅक्टरचें तोंड आकाशाकडे उचललें जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटे. फोर्डसनवर असे कित्येक चालक प्राणास मुकले.

हा दोष दूर करण्याचें श्रेय ज्याला जातें तो हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या उत्तर भागांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. १८८४ सालीं जन्मलेल्या या माणसानें १९०९ च्या अखेरच्या दिवशीं स्वतः बनविलेल्या विमानांतून उड्डाण केलें होतें, आणि आयर्लंडांतील तें पहिलें यांत्रिक उड्डाण ठरलें. पहिल्या महायुद्धांत धान्याची टंचाई भासूं लागली तेव्हां, १९१७ सालीं, आयर्लंडच्या कृषिखात्यानें ट्रॅक्टरांच्या देखरेखीचें काम त्याच्यावर सोंपविलें. विली सँड्स या साहाय्यकाला बरोबर घेऊन तो गांवोगांव हिंडला आणि त्याच्या ध्यानांत आलें कीं, नांगर व ट्रॅक्टर हीं दोन वेगळीं यंत्रें मानणें हीच मूळची चूक आहे. दोन्ही मिळून एकच यंत्र झालें पाहिजे.

या विचारांतून १९२५-२६ च्या सुमारास पेटंट घेतलेली आणि पुढें तीन दांड्यांच्या जोडणीनें पूर्णत्वास गेलेली त्याची पद्धति निर्माण झाली. खालचे दोन दांडे अवजार ओढतात व तेलाच्या जोरानें उचलतात. वरचा तिसरा दांडा एका स्प्रिंगला टेकलेला असतो. नांगर खोल जाऊं लागला कीं मातीचा विरोध वाढतो, वरचा दांडा पुढें रेटला जातो, स्प्रिंग दबते, तिच्यामुळें तेलाची झडप उघडते आणि नांगर किंचित् वर येतो. विरोध कमी झाला कीं तो आपोआप खालीं जातो. चालकानें हात न लावतां खोली राखली जाते. शिवाय नांगराचें वजन व मातीचा भार मागच्या चाकांवर येऊन हलका ट्रॅक्टरही जमिनींत पाय रोवून ओढतो. वरच्या दांड्याचा रेटा ट्रॅक्टरच्या तोंडाला खालीं दाबून धरतो, त्यामुळें उलटण्याचें भयही पुष्कळ कमी झालें.

१९३६ पासून इंग्लंडांतील हडर्सफील्ड येथें डेव्हिड ब्राउनच्या कारखान्यांत या पद्धतीचे ट्रॅक्टर बनूं लागले. ऑक्टोबर १९३८ मध्यें फर्ग्युसननें डिअरबॉर्न येथें खुद्द हेन्री फोर्डपुढें आपला प्रयोग करून दाखविला आणि लेखी करारावांचून, केवळ हस्तांदोलनावर, दोघांची भागीदारी ठरली. १९३९ सालीं बाहेर पडलेला फोर्डचा ‘९ एन’ ट्रॅक्टर हें त्या हस्तांदोलनाचें फळ होय. सुमारें एक टन वजनाचा हा ट्रॅक्टर दोन फाळांचा नांगर सहज चालवी. १९४७ पर्यंत या जातीचे तीन लाखांवर ट्रॅक्टर विकले गेले. त्यानंतर फोर्डच्या नातवानें भागीदारी मोडली, फर्ग्युसननें १९४८ सालीं खटला भरला आणि १९५२ सालीं ९२ लक्ष ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. इकडे इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून बनूं लागलेला फर्ग्युसनचा ‘टी ई २०’ हा लहान करडा ट्रॅक्टर १९५६ पर्यंत पांच लाखांहून अधिक संख्येनें जगभर गेला.

या यशांतच पुढील अडचणीचें बीज होतें. ही सारी रचना दोन फाळांच्या नांगराला पुरेल अशा मापानें केलेली होती. एक उदाहरण पाहा. ९ एन ट्रॅक्टरांत तेलाचा पंप इंजिनाला थेट जोडलेला नव्हता. अवजारांना फिरतें बळ देणारा जो मागचा दांडा, ज्याला शेतकरी ‘पीटीओ’ म्हणतात, त्याच्यावर तो चाले. क्लच दाबला कीं तो दांडा थांबे आणि त्याबरोबर पंपही थांबे. म्हणजे वळणावर चालकानें क्लच दाबला तर अर्धा उचललेला नांगर जेथल्या तेथें राही. लहान शेतांत, हलक्या नांगराला, हें चालून जाई. खटल्याच्या तडजोडीनें फर्ग्युसनच्या कांहीं पेटंटांचा उपयोग फोर्डला सोडावा लागला, आणि १९५३ च्या नव्या नमुन्यांत पंप इंजिनालाच जोडला गेला. तेव्हांपासून क्लच दाबला तरी तेल वाहतें राहिलें. ही सुधारणा गरजेची होतीच. न्यायालयांतील भांडणानें तिला हातभार लावला.

आतां दुसरी मर्यादा. तीन दांड्यांवर टांगलेलें अवजार जसें मोठें होत जातें, तसा त्याचा भार मागें मागें सरकतो. दांड्यांच्या टोंकाशीं जो ट्रॅक्टर एक टन उचलतो, तो त्याच्या मागें हातभर अंतरावर तेवढें उचलूं शकत नाहीं. आणि उचललेंच तर पुढचीं चाकें जमिनीवरून सुटून स्टिअरिंग निरुपयोगी होतें. म्हणून अमेरिकेच्या व कॅनडाच्या विस्तीर्ण मैदानांत अवजारें रुंद होऊं लागलीं तेव्हां त्यांना पुन्हा स्वतःचीं चाकें द्यावीं लागलीं. फरक इतकाच कीं आतां दोरीच्या जागीं रबरी नळ्या आल्या. ट्रॅक्टरमधून तेल या नळ्यांवाटे अवजारावरील सिलिंडरांत जाई आणि तेथें उचलण्याचें काम करी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत अमेरिकन ट्रॅक्टरांत ही सोय सर्वत्र दिसूं लागली.

येथें थोडें गणित केल्यावांचून अडचणीचें स्वरूप कळणार नाहीं. समजा, एका रुंद अवजारावर चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास १० सेंटिमीटर आणि दट्ट्याची धांव २० सेंटिमीटर. चारही भरावयास सुमारें सव्वासहा लिटर तेल लागेल. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम दाब असेल तर एकेक सिलिंडर साडेअकरा हजार किलोहून अधिक भार पेलेल. म्हणजे जोराची उणीव मुळींच नाहीं. पण ट्रॅक्टर जुना असून त्याचा पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल, तर अवजार वर येण्यास १९ सेकंद लागतील. तासाला ८ किलोमीटर वेगानें चालणारा ट्रॅक्टर तेवढ्या वेळांत ४२ मीटर पुढें जातो. म्हणजे चालकानें एक तर थांबावें, नाहीं तर शेताच्या कडेची तेवढी पट्टी अर्धवट सोडावी. मिनिटाला ८० लिटर देणारा पंप हेंच काम पांच सेकंदांच्या आंत करतो. आणि वळतांना चालक इंजिनाचा वेग निम्म्यावर आणतो, तेव्हां जुन्या पंपाचा प्रवाहही निम्म्यावर येतो आणि १९ सेकंदांचे ३८ होतात.

या हिशेबांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जुन्या ट्रॅक्टरांपैकीं पुष्कळांत अवजाराचें तेल व गिअरच्या पेटींतील तेल एकच असतें. वाहतुकीसाठीं अवजाराचे पंख मिटावयाचे असले तर लांब सिलिंडर लागतात. ६० सेंटिमीटर धांवेचे चार सिलिंडर जवळ जवळ १९ लिटर तेल पोटांत घेतात. तें येतें कोठून? गिअरच्या पेटींतून. तेलाची पातळी खालावते, चढावर पंप तेलाऐवजीं हवा शोषूं लागतो, तेलाला फेंस येतो आणि दातेरी चाकें कोरडीं पडतात. मोठें अवजार लहान ट्रॅक्टरला जोडल्यानें इंजिन बिघडण्यापूर्वीं हें नुकसान होतें, आणि तें बाहेरून दिसत नाहीं.

इतक्यांत तेलाचे वांटेकरी वाढूं लागले. स्टिअरिंग तेलानें हलकें झालें, ब्रेक तेलावर आले. जुनी पद्धति अशी होती कीं, पंप ठरावीक तेल अखंड ढकलीत राही. काम नसेल तेव्हां तें झडपेच्या उघड्या वाटेनें फिरून परत टांकींत येई. रचना साधी व स्वस्त होती, पण एकाच वेळीं अनेक कामें करण्यास ती गैरसोयीची. ज्याचा भार हलका त्याच्याकडे तेल आधीं धांवे आणि जड काम अडून राही. या अडचणीला अमेरिकेंतील जॉन डीअर कंपनीनें मुळापासून हात घातला. १९५३ सालीं तिनें आपल्या जुन्या दोन सिलिंडरांच्या इंजिनांचा वंश बंद करून सर्वस्वीं नवे ट्रॅक्टर बनविण्याचें ठरविलें, आणि सात वर्षांच्या गुप्त खटपटीनंतर ३० ऑगस्ट १९६० रोजीं टेक्सासमधील डॅलस येथें विक्रेत्यांच्या प्रचंड मेळाव्यांत ते प्रकट केले. त्यांतील ‘३०१०’ व ‘४०१०’ या नमुन्यांत तेलाची वाट नेहमीं बंद असे. पंपांत आंखाभोंवतीं दट्टे बसविलेले होते. दाब ठरलेल्या मर्यादेस पोंचला कीं दट्टे विसांवा घेत, आणि कोठेंही तेलाची मागणी झाली कीं तत्काळ कामास लागत. स्टिअरिंग, ब्रेक, उचलणारे दांडे व अवजारावरील सिलिंडर या सर्वांना एकच पंप पुरवठा करी. आणि पुढें या घराण्यांतील ‘४०२०’ या प्रसिद्ध ट्रॅक्टरांत स्टिअरिंग व ब्रेक यांचा हक्क आधीं राखून मग उरलेलें तेल अवजारांना देणारी झडपही होती. माणसाच्या जीवाचा हक्क पेरणीच्या आधीं, हा न्याय त्या झडपेंत बसविलेला होता.

तथापि यंत्रांची गरज तेथेंही थांबली नाहीं. सिलिंडर तेल क्षणभर घेतो आणि थांबतो. पण १९८० नंतरच्या दशकांत वाऱ्याच्या ओढीनें एकेक बीं उचलून पेरणारीं रुंद पेरणीयंत्रें प्रचारांत आलीं, आणि त्यांचे पंखे तेलावर फिरणाऱ्या मोटारींनीं चालूं लागले. पंखा दिवसभर फिरला पाहिजे, आणि त्याची गति किंचितही ढळतां कामा नये. ढळली कीं बीं चुकतें आणि तासांत रिकामी जागा राहते. चालकाला तें त्या क्षणीं दिसत नाहीं. आठ-दहा दिवसांनीं रोप वर आलें कीं मग दिसतें, आणि तेव्हां पेरणीचा काळ निघून गेलेला असतो. त्याच ट्रॅक्टरवर वळणाला अवजार उचललें कीं पंख्याची धार बारीक होते. आपण सुरुवातीस पाहिलेल्या नळासारखेंच हें घडतें. शिवाय, तेल पुष्कळ दाबानें आणून मोटारीपाशीं तो दाब झडपेनें मोडावा लागला तर वांया गेलेली शक्ति उष्णता होऊन तेलांत उतरते. तेल तापून पातळ होतें. झिजलेल्या पंपांत पातळ तेल फटींतून मागें गळतें. प्रवाह आणखी घटतो. सकाळीं उत्तम चालणारा जुना ट्रॅक्टर दुपारीं रडूं लागतो, याचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें. याच्या उपायासाठीं पुढें भार ओळखून तेवढाच दाब व तेवढाच प्रवाह देणारे पंप निघाले, आणि आज मोठ्या ट्रॅक्टरांत ते सामान्य झाले आहेत.

तेलांतून मिळणारी शक्तीही मोजतां येते. वर सांगितलेल्या दाबाला मिनिटास ४० लिटर तेल वाहत असेल तर ती सुमारें १३ अश्वशक्ति होते. १६० लिटर वाहत असेल तर ५२ होते. म्हणजे आजचें मोठें पेरणीयंत्र केवळ तेलाच्या रूपानें जेवढी शक्ति मागूं शकतें, तेवढी ‘९ एन’च्या सबंध इंजिनांतही नव्हती. अमेरिकेंतील नेब्रास्का राज्यानें १९१९ सालीं कायदा करून ट्रॅक्टरांची सरकारी परीक्षा सुरू केली, ही शेतकऱ्यांच्या हिताची मोठीच गोष्ट झाली. पण त्या आरंभींच्या परीक्षांत ओढण्याची व पट्ट्याची शक्ति मोजली जाई. उचलणारें तेल तेव्हां नव्हतेंच, मग त्याचा हिशेब कोठून असणार? घोडे मोजण्याची संवय तेव्हांपासून लागली ती तशीच राहिली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंतही येतो. मद्रासला १९६० सालीं टॅफे कंपनी निघाली ती फर्ग्युसनचा वारसा चालविणाऱ्या मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्यानें. आणि मुंबईंत कांदिवलीच्या कारखान्यांत महिंद्र कंपनीनें अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानें ‘बी-२७५’ ट्रॅक्टर बनविले. आपल्या काळ्या जमिनींत आज पलटी नांगर चालतो. त्याला फिरविणारा सिलिंडर तेलावरच चालतो. मालाची ट्रॉली तेलाच्या दट्ट्यानें उलटवून रिकामी केली जाते, आणि तें तेल जुन्या ट्रॅक्टरच्या पेटींतूनच उसनें घेतलेलें असतें. मैदानी अमेरिकेंत रुंद अवजारांनीं जो प्रश्न उभा केला, तोच येथें लहान मापावर उभा राहतो.

मग जुना ट्रॅक्टर टाकूनच द्यावा काय? तसें मुळींच नाहीं. त्याची मर्यादा ओळखली तर तो पुढेंही उपयोगी पडतो. पीटीओवर चालणारा स्वतंत्र पंप व स्वतंत्र टांकी अवजारावरच बसविण्याचा मार्ग पाश्चात्त्य शेतकऱ्यांनीं फार पूर्वीं शोधला, आणि त्यामुळें जुन्या ट्रॅक्टरच्या तेलावरचा भार हलका झाला. पंपाची परीक्षा तेल तापल्यावर, भार घालून आणि मापयंत्र लावून करावी. थंड तेलावर सर्वच पंप शहाणे दिसतात. आणि दोन गोष्टी मात्र कधींही विसरूं नयेत. तेलावर तोलून धरलेल्या अवजाराखालीं लोखंडी आधार दिल्यावांचून कोणीं शिरूं नये. एक नळी फुटली कीं तो भार तत्काळ खालीं येतो. आणि दाबाखालीं असलेल्या नळीची गळती बोटानें चांचपूं नये. सुईच्या अग्राएवढी धारही कातडी भेदून आंत शिरते, जखम क्षुल्लक दिसते आणि हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळीं घरगुती उपाय न करतां तडक शस्त्रवैद्याकडे जावें.

फर्ग्युसननें नांगर आणि ट्रॅक्टर यांना एक यंत्र मानलें, हा त्याचा खरा शोध होता. त्यानंतरच्या काळांत अवजारें वाढलीं, इंजिनें वाढलीं, आणि या दोहोंना जोडणारें तेल पुष्कळदां मागें राहिलें. जेथें तें मागें राहिलें तेथें जास्त घोड्यांचा ट्रॅक्टरही अडला. जेथें त्याचा विचार आधीं झाला तेथें वाटचाल सुकर झाली. म्हणून यापुढें कोणी ट्रॅक्टरचे घोडे सांगूं लागला तर आपण त्याला आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावे: त्याचा पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, आणि तें तापल्यावर किती देतो?